अध्यापकांचं पान

"तिच्या नावापुढे काय लिहिणार सर? सुई-दोरा?"

हा आवाज आमच्या कॉम्प्युटर सरांचा. त्यावर आणखी कुणीतरी हसलं. मी विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर हातात फ्लॉपी घेऊन उभी होते. दार अर्धं उघडं होतं, पण लोकांचं हसू संपायच्या आत खोलीत शिरू नये एवढं मला कळत होतं.

"हसू नका," प्रमुख सर म्हणाले. "विद्यापीठाची कमिटी यायला नऊ दिवस राहिलेत. चार अध्यापक दाखवायचे आहेत आणि चौथीकडे पदवी नाही. ह्यावर काही सुचत असेल तर बोला."

मी दारावर टकटक केलं.

"ये, ये. तुझीच आठवण काढणार होतो," सर म्हणाले. "माहितीपुस्तिकेतलं अध्यापकांचं पान तू तयार कर. तू बोलत नाहीस, म्हणून तुझं लिहिणं स्वच्छ असतं."

ही स्तुती होती. मी मान हलवली, विद्यापीठाने पाठवलेला नमुन्याचा कागद घेतला आणि बाहेर पडले. कुणाच्या नावापुढे सुई-दोरा लिहायचा होता, हे मला विचारावं लागलं नाही.

नव्वदीची मधली वर्षं होती. तंजावूरच्या रस्त्यांवर एसटीडी बूथांचे पिवळे बोर्ड लागले होते, घरांच्या गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि मद्रास-बंगळूरच्या कंपन्यांना अचानक अशी माणसं हवी झाली होती, जी एखादं यंत्र कसं चालवायचं हे कागदावर नीट लिहून देतील. आमच्या कॉलेजात त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. तांत्रिक आणि व्यावसायिक लेखन, पदवीनंतरचा. पहिल्या तुकडीत आम्ही अकराजण होतो.

मी तिथे गेले ती लिहायची आवड म्हणून नव्हे. मी बोलायला घाबरत असे. शाळा इंग्रजी, गल्ली तमिळ, घर मराठी. तिन्ही भाषा मला येत होत्या आणि तिन्हींत गप्प बसता येत होतं. आमची मराठी तर फक्त बोलण्यापुरती. अप्पांना देवनागरी वाचता येत नसे. मला येई ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. मी हा अभ्यासक्रम घेतला तेव्हा आत्या म्हणाली होती, "एवढी कॉन्व्हेंटात घातली, आणि आणीक लिहायलाच शिकायलीस कां?" सगळे हसले. मीही हसले. उत्तर द्यावं लागू नये म्हणून हसण्याची मला सवय होती.

अध्यापक चार होते, आणि कुणाचंही शिक्षण ह्या विषयात झालेलं नव्हतं. तसा विषयच आमच्याकडे नवा होता. प्रमुख सर इंग्रजी साहित्यातले डॉक्टरेट. दोनशे वर्षांपूर्वीच्या कवितेवर त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांनी स्वतःच्या स्कूटरची पुस्तिकाही कधी उघडली नव्हती, हे ते स्वतःच सांगत. दुसरे इंजिनिअर सर, वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते बोलताना ट्रान्स्फॉर्मर डोळ्यांपुढे उभा करत आणि लिहिताना मात्र सरकारी नोटीस लिहीत. तिसरे कॉम्प्युटर सर, जेमतेम सव्वीस वर्षांचे, मद्रासच्या सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षं काढून आलेले. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच शिरायचं हा नियम त्यांचा.

चौथ्या त्या. बाकीच्यांना आम्ही सर म्हणत असू. त्यांना सगळे अक्का म्हणत. पाठीमागे तय्यल अक्का, म्हणजे शिवणकामवाली ताई. पंचेचाळिशीच्या आतबाहेर, हातमागाची सुती साडी, पदराला नेहमी एक पिन खोचलेली. शिलाई मशीन विकणाऱ्या एका कंपनीत त्यांनी बावीस वर्षं नोकरी केली होती. गिऱ्हाइकाने मशीन घेतलं की घरी जाऊन ते चालवायला शिकवायचं, हे त्यांचं काम. शिक्षण एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक. त्यांना कॉलेजात आणलं होतं ते प्रमुख सरांनीच. सरांच्या घरी मशीन आलं तेव्हा अक्कांनी सरांच्या सासूबाईंना एक कागद दिला आणि त्या स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. मशीनला कधी हात न लावलेल्या सासूबाईंनी तो कागद वाचत वाचत पहिला टाका घातला. सर त्या वेळी पेपर वाचत बसले होते. ते सांगत, "मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, आपल्याला हेच शिकवायचं आहे."

अक्का आम्हाला शिकवत तो पेपर होता 'वापरून तपासणी'. पद्धत साधी आणि क्रूर. तुम्ही सूचना लिहायच्या. ज्याने ते काम कधी केलेलं नाही असा माणूस बोलवायचा. तो तुमचा कागद वाचून काम करणार आणि तुम्ही हात मागे बांधून शेजारी उभं राहणार. त्याचा हात जिथे थांबला तिथे तुम्ही पेन्सिलीने खूण करायची. त्याला काही सांगायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, मान हलवायची नाही.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी बॉबिन कसं भरायचं हे लिहून नेलं होतं. अर्धं पान, मला वाटलं की निर्दोष. इंजिनिअर सर सहज म्हणून वर्गात डोकावले, तर अक्कांनी त्यांनाच मशीनवर बसवलं. त्यांनी चष्मा लावला, माझा कागद वाचला, दोरा बॉबिनला गुंडाळला आणि पायडल मारलं. बॉबिन फिरायला लागलं, पण सुईसुद्धा खाली-वर, खाली-वर नाचायला लागली. सरांनी घाबरून बोट मागे घेतलं.

"हे मला मारायला उठलंय!" ते म्हणाले. वर्गात हशा पिकला.

चाकाच्या मधला स्क्रू आधी सैल करायचा असतो, म्हणजे सुई थांबते. ते मी लिहिलंच नव्हतं. आमच्या घरी मशीन होतं, माझा हात तो स्क्रू न सांगता फिरवत असे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कानाशी कुणीतरी हलक्या आवाजात बोललं.

"तोंड मिटून धर. ते चुकायले नाहीत. तुझा कागद चुकायला."

मराठी! मी वळून बघितलं. अक्का समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरीं पण आपलीच भाषा की ग? मज कळलं होतं. तू इंग्लिशमध्ये मोजायलीस आणि ठेच लागली की 'आई ग' म्हणतेस." त्यांचं घराणं शिंप्यांचं. इथल्या मराठा राजांच्या काळात त्यांचे पूर्वज इकडे आले आणि राहिले, आमच्यासारखेच. त्या दिवसापासून वर्गात तमिळ आणि इंग्रजी, आणि दाराबाहेर आल्यावर आमच्यात मराठी. आणखी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

तर आता पान. विद्यापीठाच्या नमुन्यात चार रकाने होते: नाव, सर्वोच्च पदवी, अध्यापनाचा अनुभव, प्रकाशनं. कमिटीला पसंत पडला तर अभ्यासक्रम कायम होणार होता, आणि त्या पानावर ज्यांची नावं असतील तेच पुढच्या वर्षीपासून शिकवणार होते. मी चौथ्या ओळीपर्यंत आले आणि सरांकडे गेले.

त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. "त्यांना खाली घे. रेघ मार आणि खाली लिही, सहायक कर्मचारी. प्रयोगशाळा सहायक."

"आणि त्यांचा पेपर सर?"

"तो कॉम्प्युटर सर घेतील. कागदावर."

"फक्त कागदावर?"

सरांनी पुढची फाइल उघडली. मी पुढे विचारलं नाही. मी परत गेले, चपला बाहेर काढल्या, थंडगार खोलीत बसले आणि रेघ मारली. सहायक कर्मचारी. मी ते नीट मध्यभागी आणलं, अक्षर एक आकडा लहान केलं. प्रिंटर करकरत पान बाहेर सोडत होता तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं, कारण पान देखणं झालं होतं. हे लिहायला मला आजही आवडत नाही, पण तसंच झालं.

विभागातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद एकदा अक्कांच्या नजरेखालून जायचा, हा प्रमुख सरांनीच घालून दिलेला शिरस्ता होता. तो मोडावा असं मला सुचलं नाही, किंवा मोडायचं धैर्य नव्हतं. मी पुस्तिकेची सगळी पानं अक्कांच्या टेबलावर ठेवली आणि मागे उभी राहिले.

त्या एकेक पान वाचत गेल्या. लाल पेन्सिल हातात. अध्यापकांच्या पानावर आल्या. वरची तीन नावं वाचली, रेघेपाशी आल्या, रेघेखाली गेल्या. पेन्सिल तिथे टेकली नाही. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर कॉलेजला कसं यायचं ते नकाशासकट होतं. तिथे त्या थांबल्या.

"स्टेशनाच्या कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते लिहिलं नाहीस. मागच्या बाजूने उतरले तर तुझी कमिटी अर्धा तास ऑटोत फिरेल." त्यांनी खूण केली. "बाकी बरोबर अहे."

"अक्का, ते पान..."

"बरोबर अहे, म्हटलं की."

मी पानं उचलली. त्या ओरडल्या असत्या तर मी त्यांना म्हटलं असतं, सरांनी सांगितलं. रडल्या असत्या तर मीही रडले असते. त्यांनी माझा नकाशा दुरुस्त करून दिला, त्यावर मला काहीच म्हणता येईना. त्या संध्याकाळी टाउन बसमध्ये खिडकीशी बसून मी ठरवलं की हे पान मी बदलणार. कसं ते माहीत नव्हतं.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत त्यांचे भाऊ शिवत बसलेले, आतल्या खोलीत त्या. दारात मला बघून त्या म्हणाल्या, "काय ग, वाट चुकलीस?"

"नाही. तुमची माहिती लिहून घ्यायला आले."

"माझी कसली माहिती? ती तर टाइप झाली."

"ती चूक झाली."

त्या आत जाऊन दोन डबरे, म्हणजे पसरट वाट्या, भरून कॉफी घेऊन आल्या. मी वही उघडली. सुरुवातीला त्या टाळत राहिल्या. "माझं काय, बोलण्याचं काम. लिहायचं काय त्यांत?" मग मी त्यांच्याच पद्धतीने विचारलं: पहिल्या दिवशी काय केलं? मग काय केलं? मग?

पहिल्या दिवशी त्या तिरुवैयारुला गेल्या होत्या. वय एकोणीस. कंपनीचा विक्रेता आधी जाऊन मशीन ठेवून आला होता, सगळं समजावून आला होता, आणि त्या घरातली सून मशीनवर चादर टाकून बसली होती. "परक्या पुरुषाला दुसऱ्यांदा कसं विचारील ती? मान हलवली आणि मोकळी झाली. कळलं काहीच नव्हतं." कंपनीचा सूचनांचा कागद इंग्रजीत होता, आणि त्याचं तमिळ असं की वाचणाऱ्याला वाटावं आपणच अडाणी. अक्का त्या सुनेच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात कुठे थांबतो ते बघत राहिल्या. नऊ ठिकाणी थांबला. परतीच्या बसमध्ये त्यांनी तिकिटांच्या पाठीवर ती नऊ ठिकाणं लिहिली. पुढच्या घरी, पापनाशमला, आठ जागा त्याच निघाल्या.

"मग?"

"मग काय, लिहिलं. पेन्सिलीने. दर घरीं जाऊन खोडलं. दोन वर्षं गेली. मग मॅनेजरने बघितलं आणि छापायला पाठवलं. मशीनच्या झाकणाच्या आंत चिकटवायचा कागद असतो बघ, तो."

मी पेन खाली ठेवलं. तो कागद आमच्या घरच्या मशीनच्या झाकणात होता. पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात तेलाचा डाग. त्यावर मी तमिळ अक्षरं जुळवायला शिकले होते, शाळेत शिकवत नसत म्हणून.

"त्यावर तुमचं नाव नाही," मी म्हटलं.

"कागदावर लिहिणाऱ्याचं नाव कशाला? दोरा ओवला गेला की झालं." मग त्या म्हणाल्या, "पण हे खरं सांगत्यें तुज. नावाचं मज काही नाही. मज वर्ग पाहिजे. कंपनीने शाखा बंद केली, लोक तयार कपडे घ्यायला लागले, ठीक. तेव्हा मी गप्प घरीं बसले. पण ह्या दोन वर्षांत तुम्ही अकराजण माझ्यापुढे उभे राहून घामाघूम झालात, आणि शेवटीं तुमचे कागद चालायला लागले. सहायक म्हणून मी खोलीच्या कोपऱ्यात बसेन, यंत्रं पुसेन. एखाद्या पोराने तोंड उघडलं तर त्याला 'गप्प' कोण म्हणेल? सहायकाला तसं म्हणायचा अधिकार नसतो."

पुढच्या खोलीतलं मशीन चालत होतं, थांबत होतं. मी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं.

सोमवारी मी सरांच्या टेबलावर नवं पान ठेवलं. रकाने काढून टाकले होते. चौघांवर एकेक परिच्छेद, प्रत्येकाकडून विद्यार्थ्याला काय शिकायला मिळतं ते. सरांनी सावकाश वाचलं. अक्कांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

"फार चांगलं लिहिलं आहेस," ते म्हणाले. "पण कमिटी वाचत नाही. कमिटी मोजते."

"सर, तुम्हीच त्यांना आणलंत."

"म्हणूनच. अभ्यासक्रम टिकला तर त्या कोणत्या ना कोणत्या रूपात टिकतील. तोच बुडाला तर कोण, कुठे?" ते मला रागावले नव्हते. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "नमुना पाळ. एवढंच कर."

नमुना पाळायचा, तर पाळू. त्या दिवशी मी विद्यापीठाच्या रकान्यांना हात न लावता शेवटी एक रकाना जोडला: 'स्वतः लिहिलेल्या सूचना, आणि त्या कुणी वापरल्या'. अक्कांसमोर तो रकाना मावेना. इंजिनिअर सरांसमोर एक ओळ आली, कॉम्प्युटर सरांसमोर दोन. प्रमुख सरांसमोर लिहायला काही नव्हतं. रकाना मोकळा दिसू नये म्हणून मी तिथे एक छोटी आडवी रेघ टाकली. नेटकेपणाच्या भरात मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आमच्या अभ्यासक्रमात तसंच शिकवत: जागा रिकामी सोडू नका, वाचणारा गोंधळतो.

सरांचं बोट त्या रेघेवर जाऊन थांबलं. आधी अक्कांच्या बाबतीत मी जे केलं होतं तेच आता त्यांच्या बाबतीत केलं होतं, आणि पुन्हा देखणं करून.

"हा रकाना काढ," ते शेवटी म्हणाले.

"माफ करा सर. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"ठाऊक आहे. तरी काढ. आधी केलेलंच पान छापायला पाठव."

मी पाठवलं. पण माझं ठरलेलं बदललं नव्हतं. कागदाचे दोन मार्ग मी करून बघितले आणि दोन्ही बंद झाले, एवढंच. तिसरा मार्ग तोंडाने बोलायचा होता. तो मी इतके दिवस टाळत होते, हे मला तेव्हा कळलं.

मी घरी सराव केला. न्हाणीघरात नळ सोडून मी बोलायची वाक्यं इंग्रजीत म्हणत असे. अम्माने दारावर थाप मारली, "कुणाशीं बोलायलीस ग आंत?" मी म्हटलं, "कमिटीशी." "मग पाणी बंद कर, त्यांना ऐकूं येणार नाही."

कमिटी आली ती स्टेशनाच्या बरोबर बाजूने आली. तिघेजण. अध्यक्ष मद्रासचे एक वयस्क प्राध्यापक होते, पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात आमची पुस्तिका. सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, आणि कॉफी झाली. सरांनी भाषण केलं. मग सगळे चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत आले. आम्ही अकराजण भिंतीला लागून उभे. अक्का खिडकीपाशी, हातात फडकं. खरंच पुसत होत्या.

"मी टाइपरायटरवाला माणूस," अध्यक्ष म्हणाले. "ह्या प्रिंटरला मी कधी हात लावलेला नाही. तुमचे विद्यार्थी सूचना लिहितात ना? मग मला कागद द्या. बघू या."

कॉम्प्युटर सर पुढे झाले, "मी दाखवतो सर, अगदी सोपं..."

"तुम्ही नको. कागद."

प्रिंटरमध्ये कागद कसा भरायचा त्याच्या सूचना मी लिहिल्या होत्या. अक्कांनी त्या पाच वेळा परत केल्या होत्या. मी तो कागद अध्यक्षांना दिला आणि दोन पावलं मागे सरले. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, झाकण उघडलं. दोन्ही बाजूंच्या लहान पट्ट्या उघडल्या. कागदाच्या कडेची भोकं आतल्या चाकांच्या दातांवर बसवली. डावीकडचं एक भोक खाली गेलं. आमच्यातला एकजण पुढे व्हायला लागला, तर शेजारच्या मुलीने त्याची बाही धरली. अध्यक्षांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. 'दोन्ही बाजूंची पहिली भोकं एकाच रेषेत आहेत का ते बघा' असं तिथे लिहिलेलं होतं. त्यांनी बघितलं, भोक वर घेतलं, पट्ट्या मिटल्या, बटण दाबलं. कागद सरळ वर सरकला. प्रिंटर करकरायला लागला.

ते लहान मुलासारखे हसले. मग आमच्याकडे वळले.

"तुम्ही सगळे हात मागे बांधून उभे होतात. एकानेही मला मदत केली नाही. हे कुणी शिकवलं?"

"आमच्या विभागाने हळूहळू ही पद्धत विकसित केली आहे," प्रमुख सर म्हणाले.

"विभाग शिकवत नाही, माणूस शिकवतो." त्यांनी पुस्तिका उघडली, पान काढलं. "इथे तीन नावं आहेत. कविता, वीज, सॉफ्टवेअर. ह्या तिघांपैकी कुणी?"

इंजिनिअर सर जमिनीकडे बघायला लागले. कॉम्प्युटर सरांनी प्रिंटरचं झाकण उगाच लावलं. प्रमुख सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात नको होतं की हो होतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. खिडकीपाशी अक्कांचं फडकं थांबलं होतं. न्हाणीघरात पाठ केलेलं एकही इंग्रजी वाक्य मला आठवेना. माझा हात वर गेला होता, वर्गात जातो तसा, आणि अध्यक्ष माझ्याकडे बघून वाट बघत होते.

"सर, तिघांपैकी कुणीही नाही," मी म्हटलं. "ते पान मी केलं आहे आणि ते चुकीचं आहे. आम्हाला त्या शिकवतात, त्या खिडकीपाशी उभ्या आहेत त्या. त्यांची पदवी विचाराल तर एस.एस.एल.सी. बावीस वर्षं त्या लोकांच्या घरी जाऊन शेजारी उभ्या राहिल्या, हात कुठे थांबतो ते बघितलं आणि तेवढंच लिहिलं. आमच्या विभागात हे काम दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. आता मला येतं."